नानांचा रोव्हर्स कप: हैदराबाद पोलिसांचे पाच हंगाम

२०२४ साली 'मैदान' हा सिनेमा आला. आमच्या माळशिरसच्या मुलांनी तो थिएटरात कमी आणि मोबाईलवर जास्त पाहिला. नंतर एके दिवशी उर्दूच्या तासाला नववीतल्या एका मुलाने हात वर केला. म्हणाला, "सर, ते रहीमसाहेब खरंच तुमच्यासारखे शाळेत शिकवायचे का?" वर्ग हसला, मीही हसलो. म्हटलं, "शिकवायचे. आणि माझ्यापेक्षा नक्कीच चांगलं शिकवत असणार."

तास संपला, पण त्या पोराच्या प्रश्नाने माझ्या डोक्यात एक जुना विषय पुन्हा उघडला. सय्यद अब्दुल रहीम हे नाव मी सिनेमातून ऐकलेलं नव्हतं. ते मी लहानपणी कुर्डुवाडीत नानांच्या तोंडून ऐकलं होतं. माझे नाना, म्हणजे आईचे वडील, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये कामाला होते. त्यांनी आयुष्यात एकही मोठा फुटबॉल सामना मैदानात बसून पाहिला नाही. तरीही १९५० ते १९५४ या पाच वर्षांतला रोव्हर्स कप ते असा सांगायचे, जणू कूपरेजच्या पहिल्या रांगेत बसून पाहिला आहे. हे कसं झालं, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलेला आहे. एखाद्या संघाचा एखादा हंगाम लोकांच्या मनात पन्नास-साठ वर्षं का राहतो? कप तर दरवर्षी कुणीतरी जिंकतंच. मग काही हंगाम विसरले जातात आणि काही घरातल्या माणसासारखे सोबत राहतात, असं का?

आधी कपाविषयी

आजच्या वाचकांना रोव्हर्स कप सांगावा लागतो, कारण तो बंद होऊनही आता दोन दशकांहून जास्त काळ लोटला. १८९१ साली मुंबईत ही स्पर्धा सुरू झाली. ती इंग्रज फौजेच्या पलटणींची स्पर्धा होती, आणि पहिली कित्येक वर्षं कप गोऱ्या पलटणीच घेऊन जात. १९२३ साली कोलकात्याचा मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून हरला. एखाद्या हिंदी संघाने हा कप उचलायला १९३७ साल उजाडावं लागलं. तो संघ होता बंगळुरूचा 'बंगलोर मुस्लिम्स'. पुढच्या वर्षीही तोच जिंकला. १९४० साली कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने अंतिम सामन्यात याच बंगलोर मुस्लिम्सला हरवून कप नेला. त्याच वर्षी मोहमेडनने दिल्लीत ड्युरंड कपही जिंकला, आणि तोही अंतिम सामन्यात एका गोऱ्या पलटणीला हरवून.

मुंबईचं कूपरेज मैदान, पावसाळा सरतानाचा चिखल, बांबूच्या तात्पुरत्या गॅलऱ्या आणि गिरणी कामगारांपासून सिनेमातल्या नटांपर्यंत सगळ्यांची गर्दी, अशी त्या काळच्या रोव्हर्सची ख्याती होती. कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद, सगळीकडचे संघ तिथे यायचे. राष्ट्रीय लीग वगैरे प्रकार तेव्हा नव्हता. मोठ्या संघांचा हंगाम म्हणजे असे चार-दोन कप आणि त्यांसाठी केलेला रेल्वेचा प्रवास.

हा प्रवास महत्त्वाचा आहे. हैदराबादहून मुंबईला येणारी रेल्वेची वाट वाडी, गुलबर्गा, सोलापूर, कुर्डुवाडी, दौंड, पुणे अशी आहे. म्हणजे मुंबईत कप खेळायला जाणाऱ्या हैदराबादी माणसाचा रस्ता आमच्या जिल्ह्यातूनच जायचा. माळशिरसला रेल्वे नाही, आम्ही कुर्डुवाडीला जाऊनच गाडी पकडायचो. त्यामुळे नानांचं गाव माझ्यासाठी जगाचं दार होतं.

१९४८ नंतरची शांतता

आता जे सांगायचं आहे ते थोडं अवघड आहे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज हैदराबाद संस्थानात शिरली. तिची मुख्य तुकडी मेजर जनरल चौधरींच्या हाताखाली सोलापूरहून निघाली, आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग तिच्या ताब्यात आला. पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. सरकारी भाषेत याला 'पोलीस ॲक्शन' म्हटलं गेलं. त्याआधी वर्षभर रझाकारांनी गावोगाव जो धुमाकूळ घातला, त्यामुळे मराठवाड्यातली असंख्य हिंदू कुटुंबं घरदार सोडून सोलापूर जिल्ह्यात आली होती. आणि पोलीस ॲक्शननंतर उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या जिल्ह्यांत साध्या, रझाकारांशी काही देणंघेणं नसलेल्या मुसलमानांवर जे गुदरलं, त्याची नोंद पंडित सुंदरलाल समितीने करून ठेवली आहे. तो अहवाल पुढे कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगताना दुसरी झाकणं हा इतिहास नव्हे, ही माझी शिक्षक म्हणूनही भूमिका आहे आणि मुसलमान म्हणूनही.

माझ्या नानांची धाकटी बहीण तुळजापूर तालुक्यातल्या एका खेड्यात दिलेली होती. १९४८ च्या सप्टेंबरनंतर तिचा नवरा परत आला नाही. नाना तिला आणि तिच्या दोन पोरांना कुर्डुवाडीला घेऊन आले. एवढंच मला माहीत आहे, कारण एवढंच सांगितलं गेलं. पुढचं विचारलं की नाना उठून अंगणात जायचे. घरात 'हैदराबाद' हा शब्दच कुणी उच्चारत नसे. नात्यातली माणसं तिकडे होती, लग्नाची बोलणी तिकडची येत, पण शब्द यायचा तो 'उधर'. 'उधर से खत आया', 'उधर शादी है'.

आणि मग १९५० साली नाना तो शब्द मोठ्याने उच्चारू लागले. कारण हैदराबाद सिटी पोलीस नावाचा फुटबॉल संघ मुंबईत रोव्हर्स कप जिंकला होता.

शिक्षकाचा संघ

हा संघ १९३९ च्या सुमारास उभा राहिला. नावाप्रमाणे तो पोलीस खात्याचा संघ. खेळाडू शिपाई, जमादार असे खात्यात नोकरीला लागलेले. पण या संघाला ज्याने घडवलं तो पोलीस नव्हता, शाळामास्तर होता.

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १९०९ चा. पदवी घेऊन ते शिक्षक झाले. काचीगुडा मिडल स्कूल, उर्दू शरीफ, दारुल उलूम आणि चादरघाट हायस्कूल अशा हैदराबादच्या शाळांत त्यांनी नोकरी केली. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळेतल्या खेळांची जबाबदारी सांभाळली. ते स्वतः चांगले फुटबॉलपटू होते. उस्मानिया विद्यापीठाच्या संघातून आणि सिटी कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघातून ते खेळले. म्हणजे ज्याला आज आपण भारतीय फुटबॉलचा सुवर्णकाळ म्हणतो, त्याचं मूळ शोधत गेलं तर आपण एका कॉलेजच्या मैदानावर जाऊन पोहोचतो.

उस्मानिया हे १९१८ सालचं विद्यापीठ. उच्च शिक्षण उर्दूतून देण्याचा तो मोठा प्रयोग होता. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानातच असल्यामुळे आपल्याकडचीही कितीतरी मुलं तिथे शिकली. तिथला मराठी विद्यार्थी आणि तिथला उर्दू विद्यार्थी एकाच मैदानावर सामने बघत होते, हे आपल्या स्मरणातून का निसटतं कोण जाणे.

१९४३ पासून रहीमसाहेब हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि १९५० पासून सिटी पोलिसांचे प्रशिक्षक. शिक्षकाची नजर त्यांच्या प्रत्येक प्रयोगात दिसते. त्या काळी आपल्याकडे चेंडू पायाशी घोळवत चार जणांना चकवणारा खेळाडू मोठा मानला जाई. रहीमसाहेबांनी असे सामने भरवले, ज्यांत चेंडू घोळवायलाच मनाई. चेंडू आला की लगेच पुढच्याला द्यायचा. आणखी काही सामने असे, ज्यांत आपल्या कमकुवत पायानेच खेळायचं. उजव्या पायाच्या मुलाने डावा पाय वापरायचा. ज्याचं अक्षर वाईट आहे त्याच्याकडून रोज शुद्धलेखन लिहून घ्यावं, तसा हा प्रकार. ज्याने वर्गात पोरं शिकवली आहेत त्याला यातली गंमत लगेच कळेल. मुलाला जे येतं त्याची वाहवा करणं सोपं असतं. जे येत नाही त्याचा सराव त्याला कंटाळा न येता करायला लावणं, हेच खरं शिकवणं.

तुलसीदास बलराम हा सिकंदराबादकडच्या गरीब घरातला मुलगा. सरावाला रोज हैदराबादला यायला त्याच्याकडे पैसे नव्हते. रहीमसाहेबांनी त्याच्या भाड्याच्या सायकलीचा खर्च स्वतःच्या खिशातून दिला. हाच बलराम पुढे देशाचा अव्वल फॉरवर्ड झाला.

१९५० ते १९५४

१९५० साली हैदराबाद सिटी पोलिसांनी मुंबईत रोव्हर्स कप जिंकला. स्वातंत्र्यानंतर त्याच हंगामात ड्युरंड कप पुन्हा सुरू झाला होता. तोही त्यांनीच जिंकला, अंतिम फेरीत मोहन बागानला हरवून. नूर मोहम्मद, सय्यद ख्वाजा अझीझुद्दीन, लईक ही नावं तेव्हा घराघरांत पोहोचली. मग १९५१ साली पुन्हा रोव्हर्स. १९५२, १९५३, १९५४. सलग पाच वर्षं. १९५४ साली ड्युरंडही पुन्हा.

कोलकात्याच्या बड्या क्लबांकडे पैसा होता, हजारो समर्थक होते, मोठमोठी वर्तमानपत्रं पाठीशी होती. हैदराबादकडे पोलिसांची नोकरी आणि एक शाळामास्तर होता. १९५५ साली मोहन बागानने रोव्हर्स जिंकला आणि ही साखळी तुटली.

नानांकडे रेडिओ नव्हता. मुंबईहून येणाऱ्या गाडीच्या गार्डांपैकी एक जण त्यांच्या ओळखीचा होता. तो आदल्या दिवशीचा उर्दू 'इन्क़िलाब' त्यांना आणून द्यायचा. सामना आज झाला की निकाल उद्या किंवा परवा कळायचा. वर्कशॉपच्या जेवणाच्या सुट्टीत नाना तो पेपर उघडायचे आणि शेजारी बसणाऱ्या फिटरला मराठीत वाचून दाखवायचे. हे फिटर मूळचे बार्शीच्या पलीकडचे, निजामाच्या हद्दीतले. १९४७ च्या सुमारास रझाकारांच्या भीतीने त्यांचं कुटुंब रात्रीतून गाव सोडून कुर्डुवाडीला आलं होतं. त्यांची जमीन तिकडे पडून होती, आणि त्यांच्या थोरल्या भावाला झालेली मारहाण तो भाऊ मरेपर्यंत विसरला नाही.

दोघं एकाच बाकावर बसायचे आणि दोघांनाही एकमेकांच्या घरची गोष्ट माहीत होती. ती ते कधी बोलले नाहीत. काय बोलणार? कुणाचं दुःख आधी, कुणाचं मोठं, हा हिशेब मांडायला बसलं असतं तर बाकच मोडला असता.

त्या फिटरसाठी 'हैदराबाद पोलीस' हे शब्द चांगले नव्हते, हे लक्षात घ्या. निजामाची पोलीस त्यांनी पाहिली होती. आणि नानांसाठी 'पोलीस ॲक्शन' हे शब्द चांगले नव्हते. एकाच शब्दाने दोघांना दोन वेगवेगळ्या जखमा आठवायच्या. अशा परिस्थितीत हा संघ आला. नाना सांगायचे, पहिल्या वर्षी फिटरकाकांनी विचारलं होतं, "काय झालं तुमच्या पोलिसांचं?" नानांनी खाली मान घालून सांगितलं, "जिंकले." दुसऱ्या वर्षी विचारलं, "काय झालं पोलिसांचं?" आणि तिसऱ्या वर्षी, गार्ड यायच्या आधीच, फिटरकाका फलाटावर येऊन उभे. "अहो, आपल्या पोलिसांचं काय झालं?"

ही गोष्ट सांगताना नाना दर वेळी इथे थांबायचे. तंबाखू मळायचे. मग म्हणायचे, "बेटा, कप तो उन्होंने जीता. हमको क्या मिला? ये मिला."

त्या संघाची आठवण आमच्या घरात का राहिली, याचं उत्तर मला या थांबण्यात सापडतं.

हंगाम कधी लक्षात राहतो?

आता माझा मूळ प्रश्न. मला तीन-चार गोष्टी दिसतात.

पहिली, हंगाम कोणत्या काळात आला. १९११ साली मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून आयएफए शील्ड जिंकली. बहुतेक खेळाडू अनवाणी होते. त्याच्या सहा वर्षं आधी बंगालची फाळणी झाली होती, स्वदेशी चळवळ पेटली होती. म्हणून तो विजय आजही सांगितला जातो. मोहमेडन स्पोर्टिंग १९३४ साली कोलकाता लीगच्या पहिल्या श्रेणीत आला आणि त्याच वर्षी लीग जिंकून बसला. कोणत्याही हिंदी क्लबला त्याआधी ते जमलं नव्हतं. मग १९३८ पर्यंत सलग पाच वर्षं तोच विजेता. बंगालच्या मुसलमानांना, विशेषतः खेड्यातून शहरात कामाला आलेल्या साध्या लोकांना, या संघाने मान वर करून चालायला शिकवलं, असं तिथले लोक आजही सांगतात. हेच १९५० च्या हैदराबादचं. लोक ज्या गोष्टीसाठी आसुसलेले असतात आणि जी मागण्याची त्यांची हिंमत नसते, ती गोष्ट खेळाडू नकळत देऊन जातात.

दुसरी, वाट पाहणं. एका सामन्याचा आनंद एका दिवसाचा. हंगाम म्हणजे महिना-दोन महिने चालणारी धाकधूक. आज जिंकले, आता चार दिवसांनी काय? त्या चार दिवसांत माणसं बोलतात, भांडतात, पैजा लावतात. गार्डने आणलेल्या शिळ्या पेपरची वाट पाहण्यात नाना आणि फिटरकाका जवळ आले. निकाल लगेच हातात पडला असता तर बहुधा बोलणंच झालं नसतं.

तिसरी, खेळाडू आपल्यातले वाटणं. सिटी पोलिसांचे खेळाडू महिन्याच्या पगारावर जगणारे नोकरदार होते. वर्कशॉपमधल्या माणसाला ते आपल्यासारखेच वाटायचे.

चौथी गोष्ट पराभवाची. हे तरुण वाचकांना पटणार नाही, म्हणून माझा स्वतःचा अनुभव सांगतो. मी सोलापूरला कॉलेजात होतो तेव्हा सोलापूर जिल्ह्याची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होती. सोलापूरचं वेगळं विद्यापीठ २००४ साली झालं. आमच्या कॉलेजचा फुटबॉल संघ एका वर्षी अनपेक्षितपणे विभागात पहिला आला आणि आंतरविभागीय स्पर्धेसाठी कोल्हापूरला गेला. मी खेळाडू नव्हतो, चेंडूंची पिशवी धरणाऱ्यांतला होतो. कोल्हापूर म्हणजे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींच्या नावाने फुटबॉल खेळणारं, शाहू स्टेडियम भरून टाकणारं गाव. तिथली पोरं चालायला लागली की फुटबॉलला लाथ मारतात. त्यांनी आम्हाला पाच गोल मारले. आम्ही एक मारला. तो एक गोल झाला तेव्हा कोल्हापूरच्याच प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. परतीच्या एसटीत पंढरपूर येईपर्यंत कुणी बोललं नाही. मग एकाने त्या गोलाची नक्कल केली आणि गाडी हसून फुटली. आज पंचवीस वर्षांनी आमच्या ग्रुपवर त्या एका गोलाबद्दल अजून मेसेज येतात. विभाग जिंकल्याबद्दल कुणी बोलत नाही.

सिटी पोलिसांच्या काळातही असाच एक पराभव आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये रहीमसाहेबांच्या प्रशिक्षणाखालचा भारतीय संघ युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला. बरेचसे खेळाडू बूट न घालता खेळले होते. पण चारच वर्षांनी, १९५६ साली मेलबर्नला, याच रहीमसाहेबांचा संघ ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवून उपांत्य फेरीत गेला. मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने त्यात हॅटट्रिक केली. भारत चौथा आला. हेलसिंकीचे दहा गोल आठवत असतील, तरच मेलबर्नचा चौथा क्रमांक किती मोठा ते कळतं.

'आपला' म्हणजे कोण?

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. आपल्या समाजात हा इतिहास सांगताना एक मोह होतो. नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, लईक, रहीम अशी नावं वाचायची आणि म्हणायचं, बघा, हे आपले. अभिमान वाटणं चूक नाही. ज्या समाजाची नावं पाठ्यपुस्तकात फारशी सापडत नाहीत, त्याने ती शोधून वाचलीच पाहिजेत. मीही वर्गात ती मोठ्याने वाचतो.

पण तेवढ्यावर थांबलं तर रहीमसाहेबांवर अन्याय होईल. त्या काळात मुंबईत धर्मावर आधारलेल्या संघांची क्रिकेट स्पर्धा होती, पंचरंगी सामने. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि 'बाकीचे' असे पाच संघ. क्रिकेट उत्तम व्हायचं, मैदानं भरायची. तरी गांधीजींनी १९४० साली त्याला विरोध केला आणि १९४६ नंतर ती स्पर्धा बंद पडली. कूपरेजवर आलेला हैदराबादचा संघ कोणत्या धर्माचा नव्हता, एका शहराचा होता. पुढे त्यात बलराम, कण्णन असे खेळाडूही घडले. फिटरकाकांना 'आपल्या पोलिसांचं' म्हणता आलं, त्याचं कारण हेच. संघाच्या नावातच धर्म असता तर ते वाक्य त्यांच्या तोंडून कधी आलं नसतं. कदाचित नानांनाही पेपर त्यांच्यासमोर मोठ्याने वाचण्याचा धीर झाला नसता.

१९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारताने दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून सुवर्णपदक मिळवलं. रहीमसाहेबांना तेव्हा कर्करोगाने घेरलं होतं. संघात चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी, जर्नेल सिंग, थंगराज आणि तोच सायकलवाला बलराम होता. मैदानातली गर्दी भारताविरुद्ध ओरडत होती. अशा वेळी पाकिस्तानचा हॉकी संघ प्रेक्षकांत बसून भारताला प्रोत्साहन देत होता, अशी आठवण आपल्या खेळाडूंनी पुढे अनेकदा सांगितली. पुढच्याच वर्षी, ११ जून १९६३ रोजी, रहीमसाहेब गेले. त्यानंतर आशियाई स्पर्धेत फुटबॉलचं सुवर्ण भारताला पुन्हा मिळालेलं नाही.

रोव्हर्स कपही २००० च्या सुमारास बंद पडला. त्या पाच अंतिम सामन्यांतला खेळ पाहायचा म्हटलं तरी आज कुठे मिळणार? म्हणून मला वाटतं, हंगाम लक्षात राहायला शेवटची गोष्ट लागते ती सांगणारा माणूस. नानांनी सांगितलं म्हणून माझ्याकडे आलं.

नाना गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांच्या मयतीला फिटरकाकांचा मुलगा आला होता. तो स्वतः आता साठीचा. दफनानंतर कब्रस्तानाच्या दाराशी माझा हात धरून म्हणाला, "आमचे वडील शेवटपर्यंत तुमच्या नानांची नक्कल करायचे. पेपर वाचल्यासारखी. नूर मोहम्मदने चेंडू घेतला, पुढे दिला..." मग त्याला पुढे बोलवलं नाही.

त्या नववीतल्या मुलाला मी हे सगळं दोन तास घेऊन सांगितलं. पोर्शन मागे पडला तो पडलाच. शेवटी त्याने विचारलं, "सर, मग आपण पण एक सामना ठेवू या का, फक्त डाव्या पायाने खेळायचा?" पालखी येऊन गेली की मैदानावरचा चिखल वाळायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तेवढं थांबा म्हटलं. आता पोरं रोज मला मैदान दाखवायला ओढून नेतात, वाळलं का ते बघायला.